पिशवीतली कांद्याची पात

परक्यांच्या कॉलरवरचा मळ चोवीस वर्षं घासून ओक-बुनची किळस मेली होती. लाँड्रीत काय काय येतं ते जेवताना सांगू नये. पण नवऱ्याचे गोल्फचे मोजे तिला आजही सहन होत नसत. ताल-सू दर मंगळवारी चर्चमधल्या वडीलधाऱ्यांबरोबर खेळायला जाई आणि आल्यावर ते ओले मोजे जेवणाच्या टेबलाखाली सोडून देई.

ओक-बुनची साखर तीनशेवर गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. तिच्या आईचा पाय साखरेपायीच कापावा लागला होता. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. नवऱ्याला मात्र सांगावं लागलं.

"बारा तास इस्त्रीपाशी उभी असतेस की," तो म्हणाला. "आणखी कसला व्यायाम?"

"मग तुम्ही गोल्फ कशाला खेळता?"

"मला चार माणसांत उठावं-बसावं लागतं."

तरी ती चालू लागली. दुकान उघडायच्या आधी, सहा वाजता, शाळेच्या मैदानाला सहा फेऱ्या. तोंड झाकणारी काळी टोपी आणि हातात किराण्याची पिशवी, वर डोकावणारी कांद्याची पात. न्यू जर्सीतल्या त्या कोरियन वस्तीत बाई नुसती चालताना दिसली की बाकीच्या म्हणत, "नशीब काढलंस गं बाई!" त्यात कौतुक औषधालाही नसे. हातात पिशवी असली की बाई कामाला निघालेली. एकच पात ती आठवडाभर मिरवी. शेवटी ती पिवळी पडून घाण मारू लागे आणि ओक-बुनला स्वतःचीच शिसारी येई.

एका सोमवारी पहाटेच्या प्रार्थनेहून परतताना चर्चच्या पाळकबाईंनी गाडी थांबवली आणि वस्तीतल्या रीतीप्रमाणे तिला लेकीच्या नावाने हाक मारली.

"यूरीची आई ना? किराणा घेऊन मैदानाला फेऱ्या?" त्या हसल्या. "वेळ असतो म्हणायचा तुम्हाला! मग रविवारच्या जेवणाचा लसूण तुमच्याकडे. रोज प्रार्थना झाली की चर्चच्या स्वयंपाकघरात बसून सोलत जा."

ओक-बुनने कमरेत वाकून "हो" म्हटलं. त्या "हो"ची तिला दिवसभर किळस येत राहिली.

दोन आठवडे तिने लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. नखांत लसूण, केसांत लसूण, उशीलाही लसूण. चालणं बंद. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मंगळवारी ताल-सू घरी आला आणि मोजे टेबलाखाली भिरकावून म्हणाला, "अगं, बिअरबरोबर खायला आण काहीतरी. आज पाच मैल चाललो! चालण्यासारखं औषध नाही बघ."

तिने ते मोजे जुन्या चॉपस्टिकच्या चिमटीत उचलले आणि कचऱ्यात टाकले. चॉपस्टिकही टाकल्या.

पुढच्या मंगळवारी सहा वाजता ती मैदानावर होती. दोन्ही हात रिकामे. पाळकबाईंची गाडी कचकन थांबली.

"अहो, लसूण?"

"कालच पोतं घरी नेलं. आज यूरीच्या बाबांच्या गाडीत आहे, गोल्फच्या काठ्यांशेजारी," चालता चालताच ओक-बुन म्हणाली. "चौघं वडीलधारे आहेत. सगळ्यांना वेळ असतो. सुऱ्याही चार ठेवल्यात."

"अगं बाई! लोक काय म्हणतील?"

"नशीब काढलं म्हणतील," ती म्हणाली आणि पाचव्या फेरीला वळली.