डब्यातली खोटी नानी

ती घटना आठवली की आजही आधी हसू फुटतं आणि मग हुश्श वाटतं. एका सरळमार्गी माणसाला मी त्या दिवशी आत टाकणारच होतो.

मिठागराकडच्या आमच्या खबरीचा फोन आला. "साहेब, गोखिवऱ्याला एका कारखान्यात खोटी नानी बनवतात. आजच जा."

नायगावला टॉवर उठू लागल्यापासून जमिनीचे भाव चढले होते. दुसरीच कुणी म्हातारी जमिनीची मालकीण म्हणून उभी करायची आणि खरेदीखत उरकायचं, अशा तक्रारी आमच्याकडे येतच होत्या. त्यामुळे नानी म्हणजे आजी, यात मला शंकाच आली नाही. स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच, एक शिपाई आणि महिला हवालदार बरोबर घेतली आणि निघालो.

गाळ्यात चाळिशीचा एक कारागीर यंत्र जुळवत होता. कोपऱ्यात एक म्हातारी भाजी निवडत बसलेली. सापडली, म्हटलं मनात.

"आजी, तुम्ही कोण?"

"मी याची आय."

"मग खोटी नानी कुठाय?"

म्हातारीने शांतपणे बोट दाखवलं. "ती काय, डब्यात!"

आमचा नवा शिपाई पांढराफटक पडला. "बाप रे, डब्यात?"

झाकण मीच उघडलं. आत पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या कोऱ्या चकत्या! नानी नव्हे, नाणी. खबरी खाडीकडचा, पाण्याला पानी म्हणणारा.

पण हसू ओठावरच जिरलं. बनावट नाणी हा काही साधा गुन्हा नाही. मी कारागिराला विचारलं, "कोण बनवतं ही?"

"मीच, साहेब."

"खोटी आहेत, ठाऊक आहे ना?"

"खोटीच पायजेत ना!"

गुन्हेगार आधी नाकारतो, मग पाणी मागतो, असा माझा अनुभव. हा पठ्ठ्या सरळ कबूल करत होता. शिपायाने बेडी काढली तेव्हा मात्र कारागिराने म्हातारीकडे पाहिलं. "आयला कोन बघील?" एवढंच तो बोलला.

"थांब रे," मी शिपायाला म्हणालो आणि कारागिराकडे वळलो. "कशाला पाहिजेत खोटी, ते सांग आधी."

नाणं टाकलं की पाणी देणाऱ्या यंत्रांसाठी तो नाणी पारखणारी पेटी बनवायचा. नाणं तिरप्या खाचेतून घरंगळतं, वाटेत त्याचा आकार, जाडी, धातू तपासला जातो. पटलं तर गल्ल्यात, नाहीतर खालून परत. खोटं परत येतं का हे बघायला खोटंच लागतं.

मी मूठभर चकत्या एकेक करून टाकल्या. टण्, टण्, एकूणएक परत! एका पंचाने दिलेलं खरं नाणं मात्र गपकन आत गेलं. पेट्या मागवणाऱ्या व्यापाऱ्यानेही फोनवर दुजोरा दिला. कारागिराचा आणि माझाही जीव भांड्यात पडला.

त्या आनंदात मी माझ्या खिशातलं नाणं टाकलं. घासून गुळगुळीत झालेलं. टण्! परत.

म्हातारी भाजी निवडता निवडता म्हणाली, "साहेब, आता बेडी कोनाला?"

शिपायासकट सगळे हसले. मीही पोट धरून हसलो. पण पुढच्या सगळ्या नोकरीत बेडी काढण्याआधी "कशाला?" हा प्रश्न मी न चुकता विचारला.