दिगू आणि एकशे शहाण्णव

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सराफ्यात नातीच्या पैंजणाची कडी जोडून घेत होतो. सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. झोपेतच." सोनाराला म्हटलं, राहू दे, उद्या नेतो. त्याला दीड महिना झाला, पैंजण अजून तिथेच आहे.

नकाशे काढायच्या नोकरीतून दिगू रिटायर झाला आणि मुरारमधल्या आपल्या घरात १९६ ही संख्या घेऊन बसला. खेळ साधा आहे. संख्या घ्या, उलटी लिहा, दोन्हींची बेरीज करा. ५७ आणि ७५ मिळून १३२. १३२ आणि २३१ मिळून ३६३, कुठूनही वाचा, सारखीच. बहुतेक लहान संख्या अशा वळणावर येतात. १९६ येत नाही. ८८७, १६७५, ७४३६... वाढतच जाते. ती कधीच येणार नाही, हेही अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. कॉम्प्युटरसुद्धा हात हलवत परत आले, असं मी सांगितलं तर म्हणाला, "ते मशीननी केलं रे. मी तर नाही ना केलं!"

दर गुरुवारी एक बेरीज. चौकटीच्या कागदावर, एका चौकटीत एक अंक. कागद पुरला नाही की खळ लावून दुसरा जोडायचा. मी चहाला जायचो आणि गणिताचा मास्तर म्हणून यथेच्छ थट्टा करायचो. पण त्याचा नवाचा ताळा चोख असे. उत्तरातल्या अंकांची बेरीज करत करत एकच अंक उरवायचा. तो पायरीगणिक ७, ५, १, २, ४, ८ असा फिरून पुन्हा ७ वर यायलाच हवा. आठ वर्षं तो येत राहिला.

मग माझी खोड नडली. मुलीकडून सगळ्या पायऱ्या कॉम्प्युटरवर काढून घेतल्या आणि त्याच्या कागदांशी ताडून पाहिल्या. एकशे एक्केचाळिसाव्या पायरीला संख्या उलटी लिहिताना शेजारशेजारच्या ४ आणि ७ ची अदलाबदल झाली होती. अंक तेच, म्हणून ताळाही तोच. पुढच्या पाच वर्षांचे गुरुवार पाण्यात! सांगावं की नाही, यात मी महिना घालवला आणि शेवटी सांगितलं. दिगूने कागदाची गुंडाळी केली. मग म्हणाला, "तू आता जा."

तीन गुरुवार मी गेलो नाही, त्यानेही विचारलं नाही. चौथ्या गुरुवारी गेलो तर तो चुकलेल्या पायरीपासून पुन्हा सुरू झाला होता. चहा मिळाला, गप्पाही झाल्या. कागद मात्र त्याने मला पुन्हा दाखवले नाहीत. मी आलो की गुंडाळून ठेवायचा. पुढे जेमतेम पावणेदोन वर्षं जगला. म्हाताऱ्या मित्राची पाच वर्षं आपण हिसकावली, हे मला स्मशानातही सलत होतं.

तेराव्यानंतर वहिनींना म्हटलं, "मी सांगायला नको होतं." त्या आत जाऊन नवा गठ्ठा घेऊन आल्या. ऐंशीच्या वर कागद. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात, नकाशावर असते तशी रेघांची चौकट. वरच्या ओळीत 'करणार' आणि दिगूची सही. खाली 'तपासणार', पुढे माझं नाव, आणि सहीची जागा कोरी.

"ऑफिसात दोन सह्यांशिवाय नकाशा बाहेर जातच नव्हता ना," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासाठीच तर सोडली आहे ही जागा. मागायला संकोच वाटायचा त्यांना."

मला रडू आवरलं नाही. गठ्ठा घरी आणला आहे. रोज एक कागद तपासतो, सही करतो. एकतीस झाले. अजून एकही चूक नाही.