डाव्या हाताचा विडा

"काकू, ती पळालेली आत्या गेली. भिवपुरीची," माझ्या पुतण्यानं अंगणातूनच सांगितलं आणि सायकल भिंतीला टेकवली. मी तांदूळ निवडत होते. वन्सं गेल्या याचं आधी रडू यायला हवं होतं, पण त्या एका शब्दानं आधी कानच तापले. पळालेली... अरे, कुणाबरोबर पळाली? लग्नाच्या नवऱ्याकडे, भरदिवसा, साऱ्या गावादेखत गेलेली बाई पळाली कशी? पण आमच्या घरानं हा शब्द इतका जपून ठेवला की तेव्हा जन्मालाही न आलेल्या पोराच्या तोंडी तो आपसूक आला. आता महिना होऊन गेला, माझा राग काही उतरत नाही. म्हणून लिहायला बसले.

वन्सं म्हणजे माझी नणंद यमुना. मी लग्न होऊन लोधिवलीला आले ती लढाईची वर्षं होती, रॉकेल मिळायची मारामार. वन्संचं लग्न माझ्या आधी झालेलं. भावोजी भिवपुरीच्या वीजघरात कामाला, राहायला तिथल्याच चाळीत. माणूस शांत, हसतमुख, आणि डावरा. जेवायचं उजव्या हातानं हे त्यांना लहानपणी मार देऊन शिकवलेलं, पण एरवी घाईच्या कामाला डावा हातच आधी पुढे जायचा. माझ्या लग्नानंतरच्या वर्षी अधिक महिना आला आणि मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जावयाला धोंडेजेवणाला बोलावलं. अनारसे झाले, चांदीचं निरांजन झालं, भावकीची पंगत उठली. भावोजींनी मोठ्या हौसेनं स्वतः विडा लावला आणि सासऱ्यांपुढे धरला... डाव्या हातानं. डाव्या हातानं पान देणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर अपमान. मामंजी म्हणाले, कुत्र्याला तुकडा टाकतात तसा विडा देतोस? लेक आता घरीच राहील. भावकीसमोर उजव्या हातानं विडा दे, पाया पड, मग घेऊन जा. भावोजींनी विडा ताटलीत ठेवला, म्हणाले, चूक झाली असेल तर माझी, हाताची नाही, आणि चपला घालून निघून गेले.

दोन वर्षं हे असंच चाललं. माझे यजमान वन्संचे सख्खे भाऊ, पण बापापुढे त्यांची मान कधी वर झाली नाही. सासूबाई देवाला नवस बोलत. वन्सं मात्र दोघांवरही चिडलेल्या. भात कांडता कांडता मला म्हणायच्या, एक पान उजव्यानं दिलं असतं तर हात झिजला असता का त्यांचा? आणि थोड्या वेळानं म्हणायच्या, आबांना तरी पानाशी मतलब की हाताशी? नंतर नंतर बोलायच्याच बंद झाल्या. ज्या बाईच्या हसण्यानं गोठ्यातली वासरं दचकायची, ती घरात आहे की नाही हे कळेना. त्याची लाज कुणालाच वाटली नाही, हे मला आजही सहन होत नाही.

अशात भातं निघाल्यावर शेजारच्या चौक गावाला मोकळ्या खाचरात सिनेमाचा तंबू आला. मधोमध पडद्याचं कापड टांगलेलं, पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका. सिनेमा हसवणारा होता. एक भरघोस मिशांचा सासरा लेकीला सासरी पाठवत नाही, म्हणून जावई आचारी बनून सासऱ्याच्याच घरी राहतो आणि बायकोचा रुसवा काढतो. सुरुवातीची अक्षरं मला वाचता येईनात. चौथी शिकलेली मी, मला वाटलं मोडी असेल. त्या सासऱ्याच्या हट्टाला सगळ्यात मोठ्यानं हसत होते ते पडद्यापलीकडचे आमचे मामंजी. त्यांचं हसणं मला लांबूनही ओळखू यायचं. शेवटी जावई बायकोला आपल्या हातानं करंजी भरवतो तेव्हा आमच्या बाजूला एकीचेही डोळे कोरडे राहिले नाहीत. वन्सं तेवढ्या टक लावून बघत होत्या. करंजी त्यानं डाव्या हातानं भरवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर मामंजींनी चार माणसांत त्या जावयाचं कोण कौतुक चालवलं. जावई असावा तर असा, म्हणाले. रात्री उपरण्यानं डोळे पुसल्याचंही सांगितलं. घरात जिवंत लेक झुरते आहे, तिच्यासाठी कधी उपरणं ओलं झालं नाही, पण कापडावरच्या बाईसाठी झालं. ताक घेऊन वन्सं बाहेर आल्या आणि सरळ म्हणाल्या, "आबा, त्यो डावरा हाय. समद्या बायांनी बगितलंय." मामंजी संतापले. उजवा होता, मी काय आंधळा आहे? झालं, गावात दोन तट पडले. पुरुष म्हणत उजवा, बायका म्हणत डावा, पाणवठ्यावर भांडणं, घराघरांत भांडणं. अखेर मामंजी स्वतः चौकला जाऊन तंबूवाल्याला विचारून आले. तंबूवाला पोट धरून हसला म्हणे. कापड एकच, हातही एकच, मागून बघितलं की उजव्याचा डावा दिसतो. मामंजींनी घरी येऊन हे विजयानं सांगितलं. मग माझी मोडीही काय होती ते मला कळलं.

वन्संनी ऐकून घेतलं. मग आत जाऊन लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि सगळ्यांसमोर उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "तुमी म्होरून बगा आबा. मी माज्या बाजूनं बगनार," एवढंच बोलल्या. मामंजी म्हणाले, गेलीस तर हे दार बंद. त्या गेल्या. कर्जतपर्यंत कुणाच्या तरी बैलगाडीतून, पुढे पायी. भावोजी दारात कंदिलाची काच पुसत होते. वाट चुकलीस का, असं त्यांनी विचारलं, तर वन्सं म्हणाल्या, वाट नाही चुकले, आधी बसायची बाजू चुकले होते. हे मला त्यांनीच पुढे सांगितलं, हसत हसत, जुन्या त्या हसण्यानं.

दार मात्र बंदच राहिलं. दिवाळी नाही, भाऊबीज नाही. मामंजी वारले तेव्हा निरोपसुद्धा धाडला नाही. आणि वर शब्द ठेवला, पळाली. मी कर्जतच्या बाजाराचं निमित्त करून जात राहिले. आमची पोरं तोच सिनेमा पुढे चौकला परत आला तेव्हा हसून हसून बघून आली. कुणाला काही आठवलं नाही. आता वन्सं सवाष्ण गेल्या, तर माहेरचं लुगडं घेऊन भावकीतून एकही माणूस उठला नाही. मी नेलं.

दिवसकार्य झाल्यावर निघताना भावोजींनी पानाचा डबा पुढे ओढला. जेवणानंतर वन्संना विडा लावून द्यायचा हा त्यांचा रोजचा नेम. त्यांनी पान पुसलं, चुना लावला, घडी घातली, सगळं सवयीच्या डाव्या हातानं. मग माझ्याकडे बघून थबकले. मी त्या घरची ना... विडा उजव्या हातात घेतला आणि माझ्यापुढे धरला. त्या हातात घडी सुटत होती.

"भावोजी," मी म्हणाले, "वन्संना द्यायचात तसा द्या."

त्यांनी विड्याची घडी पुन्हा नीट केली. मग त्यांनी हात बदलला. डाव्या हातात घडी जराही सुटली नाही. मी दोन्ही हातांनी विडा घेतला.