तुऱ्यातला हर्ष

आमच्या कराडच्या हायकू मंडळाने ‘निसर्गाशी संवाद’ हा कार्यक्रम एसी हॉलमध्ये ठेवला होता. हॉलच्या मागे हाकेच्या अंतरावर कृष्णा वाहते, पण एसी चालू म्हणून खिडक्या उघडायला बंदी. स्टेजमागच्या फ्लेक्सवर गुलाबी फुलांनी लगडलेलं एक जपानी झाड होतं, जे हॉलमधल्या कुणीही प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. एसीचा झोत नेमका समईवर येत होता, त्यामुळे दीपप्रज्वलन तीनदा करावं लागलं. तिन्ही वेळा टाळ्या झाल्या.

त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही. त्यातला निम्मा अध्यक्षांवर आहे. उरलेला कुणावर, ते सांगतो.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर ठरवलं, रोज सकाळी संगमावर जायचं आणि तीन ओळी लिहायच्या. पाच, सात, पाच अक्षरं. एवढ्या जागेत थापा मारता येत नाहीत, असा माझा समज होता. जन्मभर ऋतू पुस्तकांत वाचले. आता दिसायला लागलं की साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर उसाच्या जाळलेल्या पाचटाची काळी राख येऊन बसते, आणि नदी कुठल्या महिन्यात घाटाच्या कितव्या पायरीवर उतरते.

माझी मावसबहीण आष्ट्याजवळ राहते. मोठी आहे, म्हणून आक्का. भावजी फौजेतून निवृत्त झालेत, पण ऊस तीच बघते. गुडघ्याच्या उपचारासाठी ती दर सोमवारी एसटीने कराडला यायची आणि दुपारी माझ्याकडे जेवायची. एकदा माझी वही चाळून म्हणाली, “एवढंच व्हय रं? हे तर मी बी लिहीन.” पुढच्या सोमवारी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून आणलं:

तुरा फुटला
तोड अजून न्हाई
रोज बघते

ऊस वेळेवर तुटला नाही की त्याला पांढरा तुरा फुटतो. रस्त्याने जाणारे गाडी थांबवून फोटो काढतात. ज्याचा ऊस आहे त्याला कळतं की तो आता आतून पोकळ पडणार आणि वजन घटणार. तोडणी टोळी येईपर्यंत बांधावर उभं राहून बघण्यापलीकडे हातात काही नसतं. आक्काने हे सतरा अक्षरांत बसवलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या वहीत असं एकही उतरलं नव्हतं. हे मंडळाच्या येऊ घातलेल्या पुस्तकात छापू, असं मी म्हणालो.

“जसंच्या तसं?” तिने विचारलं.

“जसंच्या तसं, आक्का.”

अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. शेरा मारायची सवय सुटलेली नव्हती. मंडळात त्यांनी ऋतुशब्दांची छापील यादी वाटली होती, तिच्यात बर्फ दोनदा होता आणि ऊस एकदाही नव्हता. पुस्तकाची मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली, तेव्हा आक्काच्या नावाखाली हे होतं:

शुभ्र तुरे हे
वाऱ्यासंगे डोलती
हर्ष मनात

मी फोन केला. अध्यक्ष म्हणाले, “तोड वगैरे वाचकाला कळत नाही हो. शिवाय निसर्गात तक्रार नको.” मग त्यांनी आठवण करून दिली की माझे बारा हायकू पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहेत आणि प्रस्तावनेत माझ्यावर एक परिच्छेद आहे. मी फोन ठेवला. ‘शुभ्र’ बरोबर छापलंय ना ते पाहिलं आणि मुद्रितं परत पाठवली. आक्काला काही बोललो नाही. सोमवारी तिला आग्रहाने भाकरी वाढली.

प्रकाशनाच्या दिवशी त्या एसी हॉलमध्ये तिला स्टेजवर बोलावलं. नवी साडी, हातात पुस्तक. तिने पहिली ओळ वाचली आणि थांबली. पुढचं मनात वाचलं.

“आवं साहेब, हे माझं न्हाई.”

“तुमचंच आहे ताई. जरा घासूनपुसून घेतलंय.”

“भांडी हायत व्हय?”

लोक हसले. अध्यक्षही हसले, कारण माइक चालू होता. आक्का हसली नाही. “हर्ष कुणाच्या मनात म्हणायचा? माझ्या तर न्हाई.” आणि तिने पुस्तक मिटून आपल्या तीन ओळी म्हटल्या.

  तेवढ्यात साउंड सिस्टीमशेजारी उभ्या असलेल्या माणसाने, चांगला पन्नाशीचा असेल, तिथूनच विचारलं, “लावण का खोडवा?” म्हणजे नवी लागण, की तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक.

“खोडवा,” आक्का म्हणाली.

“कवा फुटला तुरा?”

“महिना झाला की.”

“मग गेलं वजन, आक्का.”

“व्हय.”

मंडळाच्या आजवरच्या कार्यक्रमांत ऐकलेली ही एकमेव समीक्षा. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत सांगितलं की आपण विषय सोडून चाललो आहोत, आणि पुढच्या कवीला शाल दिली.

स्टँडवर आष्ट्याची गाडी लागली. तेव्हा आक्का म्हणाली, “तुला ठावं होतं?”

“होतं.”

“आणि तू मला भाकरी वाढत होतास.”

गाडीत चढताना तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. “तुझे बारा बी असेच हायत का रं?”

घरी येऊन मी ते बारा वाचले. ते कुणी बदललेले नव्हते. पाचांत धुकं होतं, आणि त्यांतले तीन ज्या दिवशी लिहिले त्या दिवशी मी पांघरुणातून बाहेरच पडलो नव्हतो, हे मला पक्कं आठवतं. वाऱ्यासंगे डोलणारं काहीतरी माझ्याकडेही होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या घरी जाऊन उरलेल्या प्रती मागितल्या. ते म्हणाले, “पेनाने खोडाखोड? शोभा जाईल पुस्तकाची.” मी त्यांच्याच दिवाणखान्यात बसलो आणि एकेका प्रतीत हर्ष खोडून खाली तीन ओळी लिहीत गेलो. चहा आला, तो घेतला नाही. वाटलेल्या प्रती मात्र गावभर गेल्या आहेत. त्यांत आक्का अजून आनंदात आहे.

दोन सोमवार झाले, ती उपचाराला येते आणि माझ्याकडे जेवायला न येता स्टँडवरूनच परत जाते. तोड आली की नाही, हे मला विचारताही येत नाही.