मंत्र तोच होता

मंत्राने बायका बऱ्या होतात असं कुणी म्हणालं की अजूनही माझं डोकं फिरतं. एकच मंत्र माझ्यावर दोघांनी म्हटला, तेव्हा ते मला विचारा.

चार वर्षांची माझी मुलगी देवीच्या साथीत दगावली आणि माझी वाचाच बसली. कल्याणला सासरी ठरलं की हिला बाहेरची बाधा झाली. दिवाळीपर्यंत सुधारली नाही तर मुलाचं दुसरं लग्न करायचं, असं सासूबाईंनी बोलून दाखवलं. भिवंडीची एक मुलगीही पाहून ठेवली. वाचेबरोबर माझे कानही गेले असं समजून सगळं माझ्यादेखत बोलत.

ठाण्याहून आगगाडीने मोठे नावाजलेले देवरुषी आले. त्यांनी अंगावर तांदूळ मारले, मंत्र पुटपुटला आणि “कोण आहेस तू? बोल” म्हणत कडुलिंबाच्या फोकाने माझी पाठ सोलली. रीत अशी की बाधा झालेल्या बाईने आपल्या अंगातल्या भुताचं नाव सांगायचं. माझ्याजवळ भूतच नव्हतं, नाव कुठून आणू? तीन अमावास्या मी मार खाल्ला.

मग नवऱ्याच्या विधवा आत्याबाईंनी मला देवदर्शनाच्या नावाखाली जवळच्या मोहने गावी नेलं. तिथली म्हातारी भगतीण त्याच देवरुषींच्या गुरूकडे शिकलेली. तेच तांदूळ, तोच मंत्र, तोच प्रश्न. पण विचारून ती गप्प बसली. फोक तिने हातातही घेतला नाही. बऱ्याच वेळाने मी म्हणाले, “मी तिची आई.” सहा महिन्यांतले माझे पहिले शब्द.

“काय खायाची गो ती?” तिने विचारलं.

घरात हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत सुटले, पोटभर रडले, आणि सोवळं गेलं खड्ड्यात म्हणून तिच्या हातची भाकरी खाल्ली.

घरी बोलत परतले, तर श्रेय देवरुषींना. दिवाळीत त्यांना बोलावून पाट मांडला आणि मला त्यांच्या पाया पडायला सांगितलं. मी उभीच राहिले. मंत्र तोच होता, मी सगळ्यांसमोर म्हणाले. यांनी भुताला विचारलं, तिने मला विचारलं. देवरुषी म्हणाले, बाधा अजून आहे, तीच बोलते आहे. सासूबाईंनी लगेच भिवंडीचं नाव काढलं. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण वाकले नाही.

तेव्हा माझे यजमान, माझ्या पाठीवरचे वळ पाहून रोज नजर वळवणारे, जागेवरूनच म्हणाले, “नमस्कार राहू दे. आणि लग्नाचंही राहू दे.”

एवढं बोलायला त्यांना सहा महिने लागले. त्याची माफी मी त्यांना अजून दिलेली नाही.