पाचवा भाऊ

आमच्या शुक्रवार पेठेत कुणाचं काही चोरीला गेलं, की माणसं चौकीवर जायच्या आधी आमच्या शेजारच्या दुभाषीकाकांच्या ओट्यावर यायची. चोर सापडावा म्हणून नाही बरं का. झालं त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐकायला. काका कोर्टात गोऱ्या साहेबापुढे दुभाष्याचं काम करत. खेड्यातला माणूस बोले ते साहेबाला इंग्रजीत सांगायचं, साहेब बोले ते त्याला मराठीत. त्यांचं खरं नाव पेठेत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

चोरीच्या शब्दांवर त्यांचा भारी जीव. म्हणायचे, "आपल्या माणसाचा तांब्या गेला तरी तो दरोडा पडला म्हणून बोंबलतो. आपण शब्द रागावर निवडतो, साहेब कलमावर." माझ्या भावानं डब्यातले शेंगदाणे लांबवले तर ते 'पिल्फरेज'. रात्री भिंतीला भोक पाडून भांडी नेली तर 'बर्गलरी'. मारझोड करून नेलं तर 'रॉबरी'. "पण ती चौघांपर्यंत हं. पाचवा माणूस आला की डेकॉइटी. मग शिक्षा कुठल्या कुठे जाते." मला शाळा चौथीपर्यंतच. पुढचं माझं इंग्रजी हे असं चोराचिलटांच्या संगतीत झालं.

समोरच्या विणकराची पद्मव्वा मोठी वस्ताद. ती एकदा म्हणाली, "काका, सायेब आमच्याकडून नेतो, त्याला काय म्हणतेत?"

"त्याला रेव्हेन्यू म्हणतात, पद्मव्वा. आणि हळू बोल, मला पोटं आहेत पोसायला."

कोर्टात मात्र ते ना शब्द वाढवत, ना गाळत. "मी पन्हळ आहे," म्हणायचे. "वर पडेल ते खाली सोडायचं. पन्हळीनं पाणी गोड करू नये." याचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा? पैसे चारून शब्द फिरवून घ्यायला आलेल्यांना त्यांनी ओट्यावरूनच परतवून लावलेलं मी पाहिलंय.

मग सांगोल्याकडच्या मेंढपाळांचा खटला आला. त्यांची मेंढरं एका बागाईतदाराच्या रानात शिरली, त्यानं ती कोंडून घातली. भावाभावांनी जाऊन राखणदाराला काठीनं झोडपलं आणि मेंढरं हाकून आणली. अंधारात त्यांच्यात बागाईतदाराच्या शेळ्याही आल्या, तिथंच ते फसले. साहेबानं थोरल्याला विचारलं, किती जण गेला होता?

थोरला म्हणाला, "आमी पाची जण, मायबाप."

काका त्या संध्याकाळी माझ्या वडिलांना हे सांगत होते, मी दाराआड उभी होते. काकांना पाचाचा अर्थ कळत होता. त्यांनी त्याला पुन्हा विचारलं, "नीट आठव. प्रत्यक्ष गेलात किती?" तो म्हणाला, "पाची म्हंजी पाची. एका चुलीवरचं हाय आमी. धाकल्याला कसा वगळू?" साहेब खेकसला, किती ते सांगा, गप्पा नकोत. काकांनी सांगितलं, "फाइव्ह."

पाचही जणांना डेकॉइटीची शिक्षा झाली. थोरला इथल्या तुरुंगात राहिला, बाकीच्यांना लांब लांब पाठवलं.

थोड्या दिवसांनी त्यांची आई विचारत विचारत काकांच्या दारी आली. ओट्याखाली बसली, वर येईना. म्हणाली, "दादा, धाकला गेलाच न्हवता की. तापानं फणफणला हुता. माझ्या मांडीवर डोस्कं हुतं त्याचं."

"मग थोरल्यानं तसं का नाही सांगितलं, बाई?"

"आमच्यात भाऊ मोजताना सोडत न्हाईत, दादा. सोडला की त्यो घराला तुटतो. गेला-न्हाई गेला कोन इचारतंय? पाच हायत तर पाचच सांगायचं."

दुसऱ्या दिवसापासून काका वकिलांकडे खेटे घालू लागले. सगळीकडे एकच उत्तर: आरोपीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, तुम्हीच तर ते इंग्रजीत केलंत. त्यानंतर कुणी ओट्यावर येऊन शब्द विचारला, तर काका म्हणायचे, "चोरी म्हणा. पुरे तेवढं."

बाई बाजाराच्या दिवशी यायची. "कवा सुटंल?" एवढंच विचारायची. एका मंगळवारी आली ती काही विचारीना. धाकला तुरुंगातच गेला होता, हगवणीनं. माझ्या आईनं तिला हाताला धरून आत घेतलं. रडून झाल्यावर ती काकांना म्हणाली, "थोरल्याला भेटाया तुमास्नी सोडतेत न्हवं? त्याला ह्ये सांगू नगा. त्यानंच नाव घेतलं म्हनून त्यो आत जीव देईल. समदी खुशाल हायत म्हना."

काकांनी टोपी घातली आणि ते निघाले.

परत आले ते आमच्याच ओट्यावर टेकले. आईनं पाणी दिलं. वडिलांनी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. धाकलाही खुशाल आहे म्हटलं."

"मग? काय म्हणाला तो?"

"हसला. म्हणाला, पाची जण हाय म्हंजी काय घोर न्हाई." काकांच्या हातातलं भांडं तसंच भरलेलं होतं. "आणि म्हणाला, तुमी लई सरळ मानूस. कोर्टात माझा शब्द न् शब्द सायबाला सांगितलात."