बांड्याला काय घातलंस, आई?

आमचा बैल माझ्या आईच्या हातून मेला. त्याच्यामागून माझा बाप गेला.

आज आईला जाऊन वर्ष झालं. फोटो टाकून 'मिस यू आई' लिहिणार होते. पण आज ड्युटीवर जे झालं त्यानंतर तसलं गुळमुळीत लिहवेना.

सोमाकाका गेले, आजी गेली. आता लपवायचं तरी कुणापासून?

नवीन मित्रमंडळींसाठी सांगते. मी मोखाड्याकडे गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. लोक डॉक्टरताई म्हणतात. वाढले सूर्यमाळच्या एका पाड्यावर. भात आणि नागलीची, म्हणजे नाचणीची शेती, ती पण उतारावरची.

गोष्ट नव्वदच्या दशकातली.

आमच्याकडे बैल एकच, बांड्या. शेजारच्या सोमाकाकांकडेही एकच. बऱ्याच घरांत तसंच असायचं. दोन घरांचे दोन बैल एकत्र जुंपायचे, आधी एकाचं शेत, मग दुसऱ्याचं.

म्हणजे एक बैल मेला की दोन घरं बसली.

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर पाड्यात लग्न होतं. आई भात रांधायला होती. दुसऱ्या दिवशी टोपात बराच भात उरला, आंबलेला. माणसांना चालणार नव्हता, आणि आमच्याकडे भात फेकणार कोण? आईने सगळा बांड्याला घातला. आता नांगर ओढायचाय, दोन घास बरे खाऊ दे, एवढंच तिच्या मनात.

एवढा भात एकदम खाल्ला की बैलाच्या पोटात आंबतो, पोट फुगतं, बैल मरतो. हे मला ट्रेनिंगमध्ये कळलं. आईला कोण सांगणार?

पुढच्या सकाळी बांड्या आडवा. पोट तट्ट फुगलेलं. बा धावत जाऊन दवाखान्यातल्या साहेबांना घेऊन आला. सगळा पाडा अंगणात.

साहेबांनी विचारलं, "काय खाल्लं याने?"

आजी म्हणाली, "गवत. दुसरा काय खाणार?"

सोमाकाका आईकडे वळले. "वहिनी, तुम्ही काय घातला का?"

आईने मान हलवली. नाही.

सांगणार कशी? सासू समोर. ज्याचं शेत आपल्या बैलावर अडलंय तो समोर. पोरं नागलीची आंबील पिऊन झोपतात आणि मी बैलाला टोपभर भात घातला, हे कुठली सून चारचौघांत बोलेल?

साहेबांनी अंदाजाने इंजेक्शन दिलं. दुपारी बांड्या गेला. साप चावला असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. आईने ऐकून घेतलं.

पाऊस कुणासाठी थांबत नाही. लावणीआधीच्या चिखलणीला बा स्वतः जुवाखाली उभा राहिला. एका बाजूला सोमाकाकांचा बैल, दुसऱ्या बाजूला माझा बाप. नांगर सोमाकाकांच्या हातात.

बा मस्करी करायचा. "बांड्यापेक्षा बरा ना मी? चारा पण लागत नाय!"

आम्ही पोरं खिदळायचो. आई हसायची नाही.

एकदा बैल बिचकला आणि उधळला. बा चिखलात पडला, जू छातीवर बसलं. उठला, तोंडावरचा चिखल पुसला आणि परत जुंपून घेतलं. दोन्ही घरांची शेतं लावून झाली. मग रक्त थुंकायला लागला. जव्हारला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

भात कापायला बा नव्हता.

पुढे मला नोकरीची ऑर्डर आली. त्या दिवशी आईने मला चुलीपाशी बसवलं आणि हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. रडली नाही.

"मी तोंड उघडला असता तर बैल वाचला असता. बैल वाचला असता तर तुझा बा वाचला असता."

बैल वाचलाच नसता, असं खोटं कसं सांगू? शिकून आले होते ना मी.

मग म्हणाली, "एक कर. कुणाच्या बैलाला असा झाला तर बाईला चारचौघांत विचारू नको. बाजूला ने. मग विचार."

आज सकाळी पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरून फोन आला. रजा टाकली होती, तरी गेले.

बैल आडवा. पोट फुगलेलं. अंगणात गर्दी.

सासरा म्हणाला, "काय नाय खाल्ला, ताई. गवतच."

सून दाराआड उभी. तिचा चेहरा बघितला.

बाप्या माणसांवर खेकसले. "इथे जत्रा भरलीय का? जा, पाणी गरम करा, खायचा सोडा आणा!" तिला गोठ्यामागे नेलं.

"मी कुणाला सांगणार नाही. काय घातलंस?"

तिने आधी मागे वळून बघितलं. "भात. कार्यक्रमाचा उरलेला. पातेलाभर."

मग वेळ घालवला नाही. सुई टोचून गॅस काढला, नळीने सोडा पाजला, सलाईन लावली. दुपार टळली. घरात कुणी जेवलं नाही. मग बैलाने शेण टाकलं, पाय गोळा केले आणि उठला!

आणि त्या पोरीने काय करावं? सगळ्यांसमोर आली आणि म्हणाली, "मीच घातलेला भात."



सासरा बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "उठला ना? मग झाला तर. परत नको घालू."

येताना घाटात गाडी बाजूला लावली आणि मोठ्याने रडले. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस होता हा.

एवढंच हवं होतं गं, आई.

तुला त्या दिवशी कुणी बाजूला नेलं नाही. एवढ्या माणसांत एकालाही सुचलं नाही.

तुझ्यावर कसलाही बोल नाही. बाला भेटली असशील तर त्यालाही भाताचं सांग. तो हसेल बघ.

जा आता, निवांत राहा.